दाजींचा डावा आटा

आमच्या दाजींना दोन गोष्टींचा भयंकर राग यायचा. चहात साखर कमी पडली तर, आणि कुणी त्यांच्यासमोर मापाचं हत्यार बाहेर काढलं तर. पहिला राग माझ्या ताईवर निघायचा, दुसरा माझ्यावर. दाजी टर्नर, मी फिटर. ताईचं लग्न झालं आणि मी तिच्या नवऱ्याच्या वर्कशॉपला चिकटलो, तो आजतागायत. ते लेथवर लोखंड कातून भाग घडवायचे, मी ते गाडीखाली आडवा होऊन बसवायचो आणि दिवसभर आमचं शब्दाला शब्द चालायचं. शेजारचा वेल्डर म्हणायचा, "तुम्ही आहात म्हणून मला रेडिओ लागत नाही."

आमच्याकडे यायच्या त्या आजोबांच्या वयाच्या मोटारी. त्यांचे भाग बनवणारे कारखानेसुद्धा उरलेले नाहीत. दाजींचं नाव होतं ते स्टिअरिंगच्या दांड्यांसाठी. पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा दांडा असतो, त्याच्या मधोमध एक नळी. नळीच्या एका टोकाला आतून उजवा आटा, म्हणजे स्क्रूला असतात तसे पेच, दुसऱ्याला डावा, म्हणजे उलटा फिरणारा. नळी फिरवली की दांड्याची दोन्ही टोकं एकदम बाहेर सरकतात नाहीतर एकदम आत येतात. दांडा हवा तेवढा लांब करून चाकं सरळ करायची आणि नळी जागची हलू नये म्हणून दोन्हीकडचे चेकनट आवळायचे. ऐकायला सोपं आहे, पण डावा आटा कापताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. दाजी मात्र डोळे मिटून नळी चढवायचे, बोटांनी हळूहळू फिरवायचे आणि म्हणायचे, "बोलला आटा." झालं काम. मी माप तपासायच्या गेजचं नाव काढलं की विचारायचे, "तुझ्या ताईला पसंत केलं तेव्हा काय गेज लावला होता?"

त्यांनी केलेला अगदी पहिला दांडा लेथमागे खिळ्यावर टांगलेला असायचा. त्याला हात लावायची मला मुभा नव्हती. आणखी एक नियम होता. दुरुस्त गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली की चालवणाऱ्याच्या शेजारी दाजी स्वतः बसणार. "माझ्या दांड्यावर दुसऱ्याचा जीव टांगायचा, तर आधी माझा," असं म्हणायचे.

मध्यंतरी एका बाईंची गाडी आली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गाडी त्यांच्या वडिलांची. वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना एकदा त्यांच्याच गाडीत बसवून फिरवून आणायचं, एवढीच बाईंची इच्छा होती. पण स्टिअरिंग इतकं झिजलेलं की सरळ रस्त्यावरही गाडी झिंगल्यासारखी चालायची.

दाजींनी दांडा केला. मी बसवायला घेतला आणि नळी फिरवून पाहिली. डाव्या आट्यावर नळी चक्क डुगडुगत होती. चेकनट आवळला की डुगडुग गायब, कुणाला कळलंही नसतं. पण रस्त्याच्या धक्क्यांनी तो नट सैल झाला असता, तर नळी निसटून चाकं कुठे गेली असती देव जाणे.

"दाजी, ही खुळखुळतेय."

"आण इकडे." त्यांनी डोळे मिटले, नळी फिरवली आणि तोंडभर हसले. "वेड्या, लोण्यासारखी जातेय!"

"ढिली आहे म्हणून जातेय!"

"तुझा मेंदू ढिला आहे."

मी आणखी भांडणार होतो, पण माझी नजर त्यांच्या बोटावर गेली. लेथवरून उडालेल्या तापलेल्या लोखंडी किसाने भाजून टपोरा फोड आला होता. "हे कधी झालं?" मी विचारलं. "काय कधी?" ते म्हणाले. त्यांना पत्ताच नव्हता. तेव्हा मला ताईचं बोलणं आठवलं. परवाच ती लाजत सांगत होती, "हल्ली शर्टाची बटणं मलाच लावायला सांगतात. या वयात लाड सुचलेत."

मी दांडा त्यांच्या कानाशी धरला आणि नळी हलवली. टिकटिक, टिकटिक. दाजींचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी दांडा ओढून घेतला, स्वतः कानाशी हलवला, मग बोटांत फिरवला, मग पुन्हा कानाशी नेला.

"दुसरा करतो," ते म्हणाले.

दुसराही ढिलाच झाला. तिसऱ्या वेळी मी शेजाऱ्याकडून गेज आणून लेथपाशी उभा राहिलो. दाजींनी हूं की चूं केलं नाही, आणि मी खरा घाबरलो तो तेव्हा. शेवटचे काप केसाएवढे घ्यायचे असतात. हँडल किती सरकलं ते बोटांना कळावं लागतं. आमच्या लेथच्या हँडलवरचे आकडे कधीच पुसून गेले होते, दाजींना त्यांची गरजच पडली नव्हती. मी "बास, दाजी, बास" म्हणेपर्यंत कापणारं हत्यार जास्तीचं लोखंड खाऊन मोकळं झालं.

"माझी बोटं कुठे गेली रे?" त्यांनी विचारलं.

मग मीच लेथवर उभा राहिलो. माझा आटा असा भयानक निघाला की एरवी दाजींनी मला वर्षभर छळलं असतं. ते नुसतं "हं" म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातल्या साखरेने बोटांच्या नसा निकामी झाल्यात, गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा. ताईने चहातली साखर बंद केली. दाजी मुकाट्याने प्यायले. आदळआपट केली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं.

बाई गाडी न्यायला आल्या. दाजींनी स्वतः केलेले तिन्ही दांडे बाकावर ठेवले. "दिसायला छान आहेत. आवळून दिले तर तुम्हाला काही कळणार नाही. पण यांच्या भरवशावर मी गाडीत बसणार नाही, आणि तुमच्या वडिलांनाही बसवू नका."

"दुसरं कुणी करणारं आहे का?"

दाजींनी पुष्कळ आठवून पाहिलं. ज्यांची नावं आठवली ते एक तर देवाघरी गेले होते, नाहीतर धंदा सोडून बसले होते. बाई वाद घालत बसल्या नाहीत. बॉनेटवर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "बाबांना सांगून बसलेय मी, नेते म्हणून. रोज विचारतात." गाडी जशी ट्रकवरून आली होती, तशीच ट्रकवर चढून गेली.

ट्रक वळणाआड गेल्यावर दाजी आत आले. त्यांनी खिळ्यावरचा दांडा काढला आणि माझ्या हातात दिला.

"फिरव."

मी फिरवायला लागलो.

"डोळे मिट, गाढवा."

मी डोळे मिटले. एवढी वर्षं तो दांडा माझ्या डोक्यावर टांगलेला होता, हातात पहिल्यांदाच आला होता. नळी फिरायला लागली आणि मला रडू आवरेना.

"कसं लागतंय?"

हे शब्दांत सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

"घट्ट नाही, दाजी. ढिलीपण नाही. जरा धरते... मग सोडते. परत धरते."

"धरते, मग सोडते," ते पुटपुटले. "हां. असंच असतं ते."

मी डोळे उघडून पाहिलं, तर त्यांनीही डोळे मिटले होते.

"थांबलास का?" दाजी म्हणाले. "फिरव ना. सांगत राहा."