बादशहा गुरुजींचा जोडीपाठ

बादशहा शिकलगार गुरुजींना ऐकू येत नव्हतं, आणि चार वर्षं त्यांनी ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नव्हती. ठार बहिरे नव्हते म्हणा. डावा कान पार गेलेला, उजवा निम्मा. समोर उभं राहून कुणी नीट तोंड उघडून बोललं, तर ओठांवरून आणि उरल्यासुरल्या आवाजावरून त्यांचं भागायचं. पाठमोरं कुणी बोललं की मात्र कारभार आटोपला.

वय पंचावन्न, निवृत्तीला अडीच वर्षं. वडूजपासून अकरा किलोमीटरवर एका वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, तिथं चौथीचा वर्ग त्यांच्याकडे, आणि घरही वाडीतच. त्यांचे वडील वडूजच्या बाजारात विळ्या-खुरप्यांना धार लावून द्यायचे. त्या चाकाच्या किरकिरीनंच कान गेले, असं त्यांची बायको रशीदा म्हणायची. डॉक्टर म्हणाले, वयानं. काही का असेना, गेले ते गेले. साताऱ्याहून कानाचं मशीन आणलं होतं, पण शाळेला वर पत्रा. मशीन घातलं की तेवीस पोरं, सरकणारे बाक आणि पत्र्यावरची माकडं असं सगळं एकदमच कानात घुसायचं. शिवाय मशीन दिसायचं, हे खरं दुखणं. म्हणून ते टीव्हीखालच्या खणात पडून होतं.

"आवं, सांगून टाका की एकदाचं," रशीदा म्हणायची. "चोरी केलीया का तुमी?"

गुरुजी उत्तर द्यायचे नाहीत. घरी ऐकू न येण्याचा तेवढा एक फायदा होता.

लपवायला कारण होतं. पूर्वी त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका गुरुजींची नजर अधू झाली, तेव्हा त्यांचा वर्ग काढून त्यांना एका कचेरीत कागद लावायला बसवलं होतं. पगार तोच, खुर्ची चांगली, डोक्यावर पंखा. एकदा बादशहा गुरुजी त्यांना भेटायला गेले. शेजारच्या शाळेची मधली सुट्टी झाली, तसा तो माणूस बोलणं अर्धवट टाकून खिडकीशी जाऊन उभा राहिला. पोरं दिसत नव्हतीच त्याला, नुसता गलका ऐकत होता. आपला वर्ग गेला तर आपल्याला गलकासुद्धा मिळायचा नाही, हे गुरुजींच्या मनात तेव्हा जे बसलं ते निघालं नाही.

मग कान जसजसा आणखी जाऊ लागला तसतशी त्यांनी शिकवायची तऱ्हाच बदलली. गणित असो नाहीतर परिसर अभ्यास, उत्तर पाटीवर लिहायचं आणि पाटी डोक्यावर धरायची. तोंडी सांगायचं असेल तर उठून, गुरुजींकडे तोंड करून, सावकाश. मग पहिल्या बाकावरच्या नूरीननं तेच मोठ्यानं परत सांगायचं.

"नूरीन, काय म्हणाला तो? पटलं का तुला?"

नूरीन आतारला बहुधा पटायचं नाही. ती का पटलं नाही ते सांगायची, मग तिसरा कुणीतरी उठायचा, आणि भागाकाराचं एक गणित वर्गात पंधरा मिनिटं भांडत राहायचं. गुरुजी मध्ये उभे राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत असायचे. वह्या तपासायला पोरं त्यांच्या उजव्या अंगालाच गर्दी करायची. दार त्या बाजूला आहे म्हणून असेल, असं गुरुजींना वाटायचं.

असं सगळं बेतानं चाललेलं असताना यंदा दिवाळीनंतर केंद्रप्रमुख भाऊसो घाडगे साहेबांनी केंद्रातल्या सगळ्या शाळांना नवं काम लावलं. जोडीपाठ. दोन-दोन शिक्षकांची जोडी. यानं त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, त्यानं याच्या. मध्ये बोलायचं नाही. पाठ संपला की एका कागदावर आपल्याला जे दिसलं ते लिहायचं आणि कागद केंद्रावर पाठवायचा.

बाकीच्या शिक्षकांना यात काही अवघड वाटलं नाही. दुसऱ्याच्या पाठावर काय लिहायचं हे आपल्याकडं ठरलेलं असतं. 'पाठ प्रभावी झाला. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. फलकलेखन सुवाच्य.' तुम्ही आमचं झाका, आम्ही तुमचं झाकतो. बऱ्याच शाळांत तर हे कागद जेवणाच्या सुट्टीत डबा खाता-खाता लिहून झाले.

बादशहा गुरुजींचं नशीब असं, की त्यांच्या जोडीला आल्या सोनिया जगताप. वाईची पोरगी, नोकरीचं दुसरं वर्ष, अजून शिक्षणसेवक, म्हणजे कायम व्हायच्या होत्या. तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे. सांगितलेलं काम मनापासून करायचं ही त्यांची खोडच होती. मंगळवारी बरोबर अकराला त्या वही घेऊन चौथीच्या वर्गात मागं येऊन बसल्या. गुरुजींनी घाईनं पोरांना पाट्या काढायला लावल्या. मागच्या बाकावरून बाईंनी काही विचारलं आणि आपण ढिम्म उभे राहिलो, की संपलं.

बाईंनी काही विचारलं नाही. त्या नुसत्या लिहीत सुटल्या. पाट्या वर गेल्या, नूरीननं दोघांशी भांडण काढलं, घंटा झाली. संध्याकाळी बाईंनी कागद दाखवला तो दोन्ही अंगांनी भरलेला. प्रत्येक मूल दुसऱ्याचं उत्तर ऐकतं, आपल्या शब्दांत परत सांगतं, एकही पाटी कोरी राहत नाही, गुरुजी कमी बोलतात आणि मुलं जास्त. शेवटी लिहिलं होतं, 'ही पद्धत केंद्राच्या शिक्षण परिषदेत सर्वांना दाखवावी.'

"कुठं शिकलात हे, गुरुजी?" बाईंनी विचारलं.

"आपलं होत गेलं," गुरुजी म्हणाले.

दोन दिवसांत साहेबांचा निरोप आला, पुढच्या परिषदेत चाळीस शिक्षकांसमोर शिकलगार गुरुजींनी आपली पद्धत सांगावी. तीस वर्षांच्या नोकरीत असला निरोप पहिल्यांदा आला होता. गुरुजींना आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली. लंगडत चालावं आणि लोकांनी नाच म्हणून टाळ्या वाजवाव्यात, तसं काहीतरी.

शुक्रवारी त्यांची पाळी आली. तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन ते बसले. सोनियाबाई फळ्याकडे तोंड करून बोलत होत्या, म्हणजे गुरुजींसाठी पाठ मुकाच चालला होता. त्यांनी आधीच ठरवलं होतं, तास संपेपर्यंत बसायचं आणि ती ठरलेली तीन वाक्यं लिहून मोकळं व्हायचं. पण मागून पोरांच्या टाळूच तेवढ्या दिसतात, त्यांचा कंटाळा आला तसे ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून तोंडं दिसत होती.

बाईंनी नवा धडा काढला होता. बाई ओळीतला पहिला शब्द सांगायच्या, मग सगळा वर्ग ती अख्खी ओळ पुस्तकात बघून एका सुरात वाचायचा. गुरुजी सवयीनं ओठ बघू लागले. प, ब, म आलं की ओठ मिटतात; सव्वीस पोरांचे ओठ एकदम मिटायचे आणि उघडायचे. पंचवीसच. पहिल्या बाकावरच्या साक्षीचे ओठ किंचित मागून मिटत होते. वर्ग 'प'वर यायचा, आणि साक्षी शेजारणीच्या तोंडाकडे बघून मग 'प'वर जायची. पानही तिनं शेजारणीनं उलटल्यावर उलटलं. पोरगी वाचत नव्हती. ती ओठ बघत होती. हे काम कसं करतात हे त्या वर्गात गुरुजींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

साक्षी म्हणजे वर्गाची शान. बाप फौजेत, वेण्यांना चापून बांधलेल्या रिबिनी, वहीतलं अक्षर छापल्यासारखं, कारण फळ्यावरचं बघून ती हुबेहूब काढायची. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

गुरुजींनी ठरलेल्या तीन वाक्यांतली दोन लिहिली. मग पेन तसंच हातात राहिलं. न लिहावं तर पोरगी पुढच्या वर्षी आपल्याच वर्गात येणार, आणि तोवर आणखी एक वर्ष असंच दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत काढणार. त्यांनी तिसरी ओळ लिहिली, 'साक्षीला वाचता येत नाही. एकटीला वाचायला लावून पाहावे.'

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बाईंनी ती ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गुरुजी, हा कागद वर जातो. माझं सेवक म्हणून एक वर्ष राहिलंय अजून. आणि साक्षी? अहो, मागचा धडा तिनं घडाघडा म्हणून दाखवलाय मला."

"तो पाठ झाला आसंल. आजचा नवा व्हता."

"सव्वीस मुलं एकदम वाचत होती. त्यात एका मुलीचा आवाज तुम्हाला खिडकीतून वेगळा ऐकू आला?"

आता गप्प बसायला हरकत नव्हती. वय झालंय, चूक झाली असेल म्हणायचं, ओळ खोडायची, परिषदेत जाऊन टाळ्या घ्यायच्या. गुरुजींनी हा सगळा हिशोब केला, आणि त्यांना स्वतःचाच कंटाळा आला.

"बाई, मला एकाचाबी आवाज आला न्हाई," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई. तुमी लिवलीया ती पद्धत न्हवं, सोंग हाय माझं. आज मी पोरांची तोंडं बघत व्हतो."

सोनियाबाईंनी त्या ओळीकडे पुन्हा एकदा बघितलं. मग त्यांनी साक्षीला हाक मारली. गुरुजींनी तिनं कधी न पाहिलेलं चौथीचं पुस्तक आणून मधलंच एक पान उघडून तिच्या हातात दिलं. काय चाललंय ते बघायला पोरं जमलीच. नूरीन सगळ्यात पुढं.

साक्षीनं पुस्तक उचललं आणि थेट तोंडासमोर धरलं. पानावरून नुसते डोळे दिसत होते, आणि ते अक्षरांवर नव्हते. ती काहीतरी बोलत असावी किंवा नसावी. गुरुजींना कळायला मार्ग नव्हता. पुस्तक खाली घे म्हटलं तर का, हे सांगावं लागणार होतं, आणि समोर निम्मी शाळा उभी होती. इथं बोललेलं चार वाजेपर्यंत वाडीभर होणार, आणि आठवडाभरात साहेबांकडे.

ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"साक्षी, पुस्तक खाली घे बाळा. तोंड दिसलं न्हाई तर मला कळत न्हाई. मला ऐकू येत न्हाई."

पुस्तक हळूहळू खाली आलं. साक्षीनं त्यांच्याकडे, मग बाईंकडे बघितलं. आणि तोंड चांगलं उघडून, सावकाश, गुरुजींना कळेल असं म्हणाली, "मला वाचता येत न्हाई."

सोनियाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ती तिसरी ओळ खोडली नाही. खाली स्वतःची सही केली.

गुरुजी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा रशीदाला सगळं गिरणीतच कळलं होतं.

"काय म्हणत्यात लोक?" गुरुजींनी विचारलं.

"म्हणत्यात, त्यात नवं काय? दर वर्सी चौथीची पोरं जाताना खालच्या पोरांना सांगून जात्यात म्हणं. गुरुजींच्या उजव्या अंगानं बोलायचं, तोंडाकडं बघून."

गुरुजींना पहिल्यांदा आला तो राग. चार वर्षांची एवढी मेहनत, आणि पोरांनी ती परस्पर वाटून घेतली होती. मग ते टीव्हीखालचा खण उघडून मशीन शोधत बसले, आणि बराच वेळ त्यांना ते सापडलं नाही, कारण डोळे पुसायला लागत होते.

साहेबांनी कानाचा दाखला मागितला. साताऱ्याच्या दवाखान्यातून तो आणून दिलाय. कागद वरच्या कचेरीत आहे, वर्ग अजून गुरुजींकडे आहे. पुढचं कुणाला माहीत नाही. परिषदेत मात्र त्यांनी पद्धत सांगितली, कुठून आली तेही सांगितलं. टाळ्या थोड्या कमी पडल्या.

त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारपासून मधल्या सुट्टीत साक्षी पहिलीचं पुस्तक घेऊन त्यांच्याकडे येते. पहिल्या दिवशी ती आली, डावीकडं मोकळी जागा होती तरी त्यांना वळसा घालून उजव्या अंगाला बसली, आणि पुस्तक खाली, मांडीवर धरलं.