मळखाऊ रंग

पडद्यांच्या दुकानात मी फिकट निळ्या कापडावर हात ठेवला, तेवढ्यात नवरा म्हणाला, "हा नको, लगेच मळेल. मळखाऊ रंग दाखवा." दुकानदाराने तपकिरी तागा उलगडला. "हा घ्या. वर्षभर धुतला नाही तरी कळणार नाही."

आदल्या दिवशीच मी घरातला जुना तपकिरी पडदा भिजत घातला होता. बादलीतलं पाणी काळं झालं, वर तेलाचा तवंग आला आणि कुबट वास घरभर पसरला. इतकी वर्षं आम्ही त्याच पडद्याशेजारी बसून जेवत होतो, आणि आल्यागेल्याला आमचं घर किती स्वच्छ वाटायचं. घाणीचं आम्हाला काही वाटत नाही, ती दिसली की मात्र वाटतं. मळखाऊ रंग मळ पचवत नाही, नुसता तोंडात धरून ठेवतो.

शेवटी तपकिरीच आला. संध्याकाळी मी तो खिडकीला लावला. जेवून उठल्यावर नवऱ्याने हात नुसते पाण्याखाली धरले, जाता जाता नव्या पडद्याला पुसले आणि जरा मागे सरून निरखून पाहिलं.

"बघ," तो समाधानाने म्हणाला, "काही दिसतंय का?"