डीप फ्रीझरमधली बाटली

बारा फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळचं संकलन उरकून मी कॅन धूत होते. शिक्रापुरात माझं दूध संकलन केंद्र आहे. कॅन घासताना डोक्यात एकच घोळत होतं. उद्या गुरुवार, म्हणजे लाइट जाणार, आणि फ्रिजमध्ये बहिणीच्या केमोची बाटली आहे.

ती बाटली आदल्या दिवशी मीच पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातून थर्माकोलच्या डब्यात घालून आणली होती. धाकटी बहीण कासुर्डीला दिलेली. तिला स्तनाचा कॅन्सर. केमो घ्यायला तिला दौंडचा दवाखाना सोयीचा, पण हे औषध तिथं मिळत नाही. मदतीच्या योजनेतून पुण्यात मंजूर करून घ्यायचं आणि आपलं आपण दौंडला न्यायचं. तिच्या घरचा फ्रिज धड चालत नाही, म्हणून बाटली माझ्याकडं.

आधी तिला साधं लाल औषध देत होते. त्यानं गाठ थोडी आवळली आणि हृदय त्याहून जास्त खचलं. न्हाणीपर्यंत चालली तरी धाप लागायची. मग पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी हे सुचवलं. औषध तेच, पण चरबीच्या बारीक बुडबुड्यांत भरलेलं. एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतके बारीक. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, त्यांना फटी राहतात. तिथून हे बुडबुडे झिरपतात आणि गाठीत औषध सोडतात. हृदयाच्या रक्तवाहिन्या पक्क्या, तिथं ते फारसे शिरत नाहीत. मला हे लगेच पटलं. कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायला आमच्याकडं दोन महिन्यांत खोल्या उभ्या करतात. पाणी कुठून झिरपतं हे मला कुणी शिकवायला नको.

तेच नडलं. मला कुणी काही शिकवायला नकोच असतं.

औषध हातात देणाऱ्या माणसानं सांगितलं होतं, "फ्रिजमध्ये ठेवा, बर्फात नको." मी ऐकलं होतं. पण गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते ती कधी दोन तास, कधी दिवसभर. म्हणून बुधवारी संध्याकाळी पिशव्यांचं दूध मी डीप फ्रीझरला टाकते, ते टिकतं. थंडी कमी पडून नासलेला माल मी आयुष्यभर बघितलाय. जास्त थंडीनं नासलेला कधी बघितला नव्हता. बाटली फ्रिजमधून काढून डीप फ्रीझरला ठेवली आणि मोठी हुशारी केल्यासारखी जेवायला बसले.

सकाळी ती दगडासारखी गोठलेली होती. डब्यात घालून न्हावरा, चौफुला करत दौंडला पोचेपर्यंत पातळ झाली. दिसायला पहिल्यासारखीच लाल.

बहीण पलंगावर होती, हाताला सुई लावून झालेली. तिचा नवरा दाराशी फोनवर. सिस्टरनं बाटली उजेडाकडं धरली.

"सगळा वेळ थंड होती ना?"

"गोठली होती," मी म्हटलं. "डीप फ्रीझरला ठेवली होती मी."

तिनं हात खाली घेतला, पुण्याला फोन लावला आणि परत येऊन सांगितलं ते असं. गोठल्यावर बुडबुडे फुटतात. औषध मोकळं होतं, म्हणजे पुन्हा तेच, हृदय खचवणारं. द्यायचं नाही.

बहिणीनं हाताच्या सुईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आक्के, एवढं भारी औषध, आन् तू त्याची कुल्फी केलीस व्हय?"

हसलं कुणीच नाही.

तिचा नवरा फोन खिशात घालत आत आला. "आक्का, सांगायची काय गरज हुती? दिसत तर कायबी न्हवतं."

"पाव्हणं, तिच्या काळजाला दिसलं असतं."

"आन् आता काय मिळालं काळजाला? इतकं कागद फिरवून एक बाटली आली. दुसरी कवा यायची?"

"तुमी गप बसा," बहीण म्हणाली. "कागद आक्कानंच फिरवल्यात. तुमी कवा पुण्याला गेलाय?"

"कंपनी सुट्टी देती का मला?"

"क्रिकेटची म्याच असली की बरी देती."

सिस्टर सुई काढत होती. मी तिला विचारलं, तुमच्याकडं एवढा मोठा फ्रिज आहे, तर बाटली थेट इथंच का येत नाही? म्हणाली, योजनेचं औषध पेशंटच्या ताब्यात द्यायचा नियम आहे. गाठीतली फट शोधून काढणारं औषध माणसांनी बनवलं. पुणे ते दौंड मात्र ते एका दूधवालीच्या मांडीवर बसून एसटीनं जातं. हे सगळं खरं, तरी डीप फ्रीझरचं झाकण मीच उघडलं होतं.

बाटली पिवळ्या पिशवीत टाकून सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "मी इथं फक्त डोस दिला नाही एवढं लिहिते. का नाही दिला, ते तुम्हाला पुण्यात दुसऱ्या बाटलीच्या अर्जात लिहावं लागेल. ठेवताना बिघडली म्हटलं तर दुसरी देत नाहीत, घरच्यांचा निष्काळजीपणा म्हणतात. फुटली तर देतात."

तिचा नवरा दौंडहूनच कंपनीत गेला, कासुर्डीला जाताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. यवत मागं पडल्यावर बहीण म्हणाली, "काखेत परत हाताला लागतंय काहीतरी. ह्यांना सांगितलं न्हाई अजून."

"कधीपासून?"

"झालं आठ दिस." मग बाहेर बघत म्हणाली, "काय लिवणार तू अर्जात?"

"बघते," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळचं संकलन नवऱ्यावर टाकून मी पहिल्या एसटीनं पुण्याला गेले. अर्जात औषध वाया जाण्याचं कारण विचारलं होतं. बाटली प्रवासात हातातून पडून फुटली, असं मी लिहिलं, खाली सही केली आणि रांगेत उभी राहिले.