उरलेली फाडी

आभाळात ढग दिसला की जुन्या हुबळीचा सटवाजी पाथरवट हातातली छिन्नी टाकून सायकल काढायचा. वेशीबाहेरच्या जुन्या मठाचं छत शाबूत आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. लोक म्हणत, याला मठाचं वेड लागलंय.

वेड नव्हतं, धास्ती होती. बहात्तर साली मठाचा कललेला दगडी मंडप त्यानंच उतरवून पुन्हा उभा केला होता. आठशे वर्षांपूर्वीचं काम. छताला मोठं कमळ. त्यात ना चुना, ना लोखंड, दगडानंच दगडाला धरलेलं. म्हणून सटवाजीनं उतरवलेल्या प्रत्येक दगडावर गेरूनं आकडा घातला होता. मंडप उभा राहिला, मठाच्या स्वामींनी त्याच्या अंगावर शाल घातली, आणि अंगणात घडीव दगडाची एक फाडी उरली. आकडा एकशे बेचाळीस.

ती कुठली, ते काही केल्या आठवेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर अब्रू जाणार, गप्प बसावं तर कुणाचा तरी जीव. शेवटी ती पोत्यात घालून त्यानं घरी आणली आणि परसात चिपाडांखाली दडवली. बायकोलाही बोलला नाही. शहाणा माणूस इथंच फसतो.

पुढं दर यात्रेला कमळाखाली पंगत बसे आणि सटवाजी हटकून मधोमध पान मांडून घेई. कोसळलंच तर आधी आपल्यावर कोसळू दे. लोकांना वाटे, म्हातारा मानाला हपापलाय.

चौऱ्याऐंशीत त्याच्या बायकोनं, मथुरानं, परस झाडताना चिपाडं हलवली. सटवाजी धावला आणि बारा वर्षांचं सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं.

मथुरा फाडीकडं बघतच राहिली. "अहो, ही मंडपातली नव्हं. चिंचंखाली पडलेली हुती. पहिल्या दिवशी मी भाकरी घेऊन आले, तवा तुमीच बसायला वडून आणलासा. मग एक दिस आकडे घालून झाल्यावर उठलासा आनि हिच्यावर बी घातलासा. मला वाटलं, कुनी नेऊ नये म्हणून."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा?"

सटवाजी त्याच फाडीवर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

त्या वर्षी यात्रेला तो पंगतीत कडेला बसला. पहिला घास उचलण्याआधी त्यानं वर कमळाकडं पाहिलं. धास्ती गेली होती, सवय राहिली होती. मग पान उचललं आणि मधोमध जाऊन बसला.