नानांची कोंबडी आणि दोन हेडं

गॅरेजात दहा नंबरचा पाना हवा तेव्हा कधीच सापडत नाही, किस्से मात्र न शोधता सापडतात. आमच्या धुळ्याच्या टोळक्याचे तर इतके साठलेत की सांगता सांगता चहा गार होतो!

टोळकं म्हणजे आग्रा रोडवर गॅरेज असलेले नाना, त्यांचे लेथवाले दोस्त सलीमभाई आणि कॉलेजात फिजिक्स शिकवणारा मी. अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास नानांनी भंगारातल्या गाडीचं इंजिन लावून एका माणसापुरतं विमान बांधायला घेतलं. लोकांनी नाव ठेवलं, 'नानांची कोंबडी'. पंख आहेत, पण उडत नाही! नानांना ते फार लागलं. "एकदा चाकं जमीन सोडू देत, मग बघतो एकेकाला," म्हणायचे.

*

इंजिनाचं मूळ हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बिडाचं. दणकट, पण भलतंच जड. नाना सीटवरून उतरले की शेपूट वर आणि नाक जमिनीला!

सलीमभाई म्हणाले, "क्या बात है! मालक उतरला की सलाम ठोकतं!"

*

दुसऱ्या एका गाडीचं ॲल्युमिनियमचं हेड बसत होतं. हलकं, पण तापलं की वाकायचं. मी म्हणायचो हलकं लावा, नाना म्हणायचे दणकट. शेवटी नानांच्या बायकोने, अक्कांनी निकाल दिला, "लोखंडनंच राहू द्या. तुमनं वजन मी कमी करस!"

त्या दिवसापासून नानांची तिसरी भाकरी बंद! वजन तसूभर हललं नाही, आम्हाला शिव्या तेवढ्या वाढल्या. मग नानाच ओरडले, "बसवा रे ते ॲल्युमिनियम!"

*

वाकलेलं हेड सपाट करायचं तर सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरून घासावं लागतं. सलीमभाईंनी नानांच्या घरातला आरसाच उचलून आणला. अक्का पदर खोचून भांडायला आल्या, हेडवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "इतलं गुळगुळीत तं मना तवाबी नही!"

*

हेड टिकतं का बघायला विमान कडुनिंबाला बांधून इंजिन चालवत बसायचो. मागे सुटणारा वारा पाहून शेजारच्या आबांना उफणणी सुचली! जवारीची पाटी घेऊन ते ऐटीत उभे राहिले. नानांनी थ्रॉटल दिला. भूस गेलं, जवारी गेली, पाटी गेली, आबांची टोपीही गेली!

"अरे, बठ्ठी जवारी उडी गई!"

"जवारी उडाली ना? मग मीपण उडतो!" नाना म्हणाले. आणि हेड? भर मे महिन्यात ना ते वाकलं, ना रेडिएटरचं पाणी उकळलं. आम्हाला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

*

मग साक्री रोडचा माळ. बघायला ही गर्दी! कोंबडी धुरळा उडवत सुसाट गेली आणि पार टोकाला जाऊन थांबली. उडाली की नाही? धुळीत कुणालाच दिसलं नव्हतं. नानांनाही खात्री नव्हती. लोक हसायला लागले. नानांचा चेहरा एवढासा झाला.

अक्का चाकांच्या खुणांच्या कडेने चालायला लागल्या. आम्ही मागोमाग. धुळीत दोन सरळ रेघा गेलेल्या, आणि मध्येच संपलेल्या. पुढे नुसती कोरी धूळ. मग लांब, बाभळीपाशी, रेघा पुन्हा सुरू!

गर्दी धावत आली. अक्का दोन्ही हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या, डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"आठे कोनी पाय ठेवू नका!"