चारशे पानांचं ठरलं होतं

रामटेकला पुतणीच्या साखरपुड्यात, हातात जिलेबीची प्लेट असताना, मी जाहीर करून टाकलं की आईवरचं माझं पुस्तक दिवाळीपर्यंत येतंय. चारशे पानं! तोवर एकही पान लिहिलेलं नव्हतं. पण पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या, आता आकडा कमी कसा करणार?

आमच्या मोठ्या दादांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसरा किती दिवस टिकेल हे डॉक्टर सांगत नव्हते. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आईबद्दल काय लिहितो ते मले सोता वाचाचं हाय गा. लवकर कर."

नागपूरला येऊन मी फ्रिजवर तक्ता चिकटवला: रोज पाच पानं. जन्मभर कारकुनी केलेली, तक्ता सुरेख झाला. पहिल्या आठवड्यात अर्पणपत्रिका लिहिली, दुसऱ्यात मनोगत. लेखनकाळात मला सांभाळून घेतल्याबद्दल त्यात घरच्यांचे आभारही मानून टाकले.

दर रविवारी दादांचा फोन यायचा. "किती पानं झाले गा?"

"सत्तर," जूनमधल्या एका रविवारी मी म्हणालो. होती अकरा.

"मंग तेवढेच धाड ना. मोठ्या अक्षरात."

"अर्धवट काय वाचता दादा? पूर्ण झालं की एकदमच देतो."

पुढे पुढे फोन वहिनी लावून द्यायला लागल्या. त्याचा अर्थ मला कळला नाही. म्हणजे कळला, पण तक्त्याप्रमाणे मी तेव्हा दीडशे पानं मागे होतो.

दिवाळीत बेचाळीस पानं घेऊन गेलो. लाज वाटली म्हणून खाली कोरे कागद लावून फाइल जाड केली होती. दादांनी ती मांडीवर घेतली, एक पान डोळ्यांपाशी नेलं. पान उलटं धरलं होतं. मग त्यांनी नुसती बोटांनी जाडी चाचपली.

"लय मोठा झाला गा ग्रंथ," ते म्हणाले. "आता तूच वाचून दाखव. सगळा."

मी बेचाळीस पानं वाचली आणि घसा बसला असं सांगून फाइल मिटली. दादा मान हलवत राहिले.

परतीच्या बसमध्ये बायको माझ्याकडे वळली.

"जूनपर्यंत दादायले दिसत होतं," ती म्हणाली. "तवा अकरा पानं होते ना तुमच्याजवळ? तेवढेच काहून नाही देले?"