शंभरातले नऊ

जेवण झाल्यावर तालमीच्या फुटबॉल संघाची आकडेवारी बघणारी शर्वरी मुळीक लॅपटॉपसमोर बसल्या जागीच पेंगते. संध्याकाळच्या आत तालमीच्या कोचला उत्तर द्यायचं आहे: सेमीफायनलला गोलची संधी घालवणाऱ्या ऋतुराजला फायनलमध्ये उतरवायचं की बसवायचं? अख्ख्या पेठेला तो संघात नको आहे. पडद्यावर एकेका फटक्याची जागा दाखवणारे ठिपके पाघळू लागतात आणि त्यांतून तिचे वडील चालत येतात. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण पायात बूट आहेत.

"आण्णा, बसा की."

"बसायला आलो न्हाई. काय लिवलंयस माझ्याबद्दल?"

खोलीची भिंत संपते तिथे स्टेडियमच्या पायऱ्या सुरू होतात. माणसं खचाखच, सगळी पाठमोरी. खाली मैदानात तरुण आण्णा फायनलमधला तो फटका बाहेर मारत आहेत. त्या एका फटक्यापायी पेठेनं त्यांना मरेपर्यंत 'भोपळा' म्हटलं.

"त्या जागेवरनं, त्या कोनातनं, दोघं अंगावर असताना शंभर फटके मारले तर नऊच आत जातात," शर्वरी सांगते. "अपेक्षित गोल म्हणतात त्याला."

"अपेक्षित? कुणाला?"

"कुणालाच नाही. सरासरी आहे ती."

"अपेक्षा कुणाची तरी असती, पोरी. सरासरी कवा पायरीवर बसून घसा फोडती व्हय?"

"म्हणजे तुमची चूक नव्हती, आण्णा."

आता ते सलूनच्या खुर्चीत आहेत. गळ्याभोवती कापड, आरशात तोच फटका पुन्हा पुन्हा बाहेर जातो. बाकावरची माणसं "भोपळा, भोपळा" करत हसतात. आण्णाही हसतात, तिच्यावर.

"ऐकलं का रं? मुळीकाच्या पोरीनं बापाला निर्दोष सोडवला! मग तीस वर्षं शिव्या खाल्ल्या त्या फुकटच की. चूक माझी हाय. तिला हात लावायचा न्हाई."

शर्वरीचं डोकं तापतं. "बरं. चुकलात तुम्ही. आकडा ते पुसत नाही. त्या जागेवरनं शंभरातले एक्याण्णव चुकतात, आणि पेठेनं एकालाच धरलं, एवढंच तो सांगतो. ऋतुराजचा फटकाही तसलाच अवघड होता. पण दर मॅचला तो नेमक्या जागी पोचतोय. तो खेळणार."

"आन् परत भाईर मारला तर?"

"येऊ देत सगळे माझ्या दारात."

"येतील. माझ्या आलते. तू पाळण्यात हुतीस." आण्णा दोन पावलं मागे सरकतात आणि चेंडू सरळ तिच्या तोंडावर मारतात.

फोन वाजतोय. कोच राजूदा.

"काय ठरलं, ताई?"

"ऋतुराज खेळेल."

"पेठ पेटंल हं."

"पेटू दे."

फोन ठेवून ती पाणी प्यायला उठते. परतताना फरशीवर तिच्याच पावलांचे पांढरे ठसे दिसतात. ती पाय उचलून बघते. मैदानाच्या रेघा आखतात ती फक्की टाचेला लागली आहे, बोटांच्या बेचक्यांत गच्च बसली आहे.